लोजबानमध्ये प्रोग्रामिंग लँग्वेजेसची नावं: कामाच्या नोंदी

१४ जून, फोंडा, गोवा

आमच्या छोट्या टेक्स्ट एडिटरचा लोजबान इंटरफेस जवळजवळ झालाय, मेन्यू झाले, एरर मेसेज झाले, आता उरलीय ती एकच फाइल आणि तीच सगळ्यात अवघड, म्हणजे सिंटॅक्स कलरिंगच्या, कोडमधले शब्द रंगवून दाखवायच्या, मेन्यूत दिसणारी प्रोग्रामिंग लँग्वेजेसची नावं. मराठी इंटरफेस केला तेव्हा हा प्रश्नच आला नव्हता, पायथॉन लिहिलं, जावा लिहिलं, पुढे गेलो. लोजबानमध्ये तसं चालत नाही कारण तिथे शब्दाचा नुसता आकार बघून किंवा ऐकून तो कुठल्या जातीचा आहे हे कळलंच पाहिजे, आणि त्यात कुठे शंका राहिली तर पार्सर, म्हणजे व्याकरण तपासणारा प्रोग्राम, वाक्यच घेत नाही.

ज्यांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलंय त्यांच्यासाठी थोडक्यात. लोजबान ही मुद्दाम घडवलेली भाषा, व्याकरण तर्कावर उभं. जेम्स कुक ब्राउन यांनी १९५५ मध्ये लॉगलान नावाची भाषा सुरू केली, तिच्यातून फुटून १९८७ पासून लॉजिकल लँग्वेज ग्रुपने ही बांधली आणि १९९७ ला व्याकरण पक्कं केलं. मूळ शब्द, त्यांना गिस्मु म्हणतात, साधारण १३५० आहेत, सगळे रोमनमध्ये पाच अक्षरांचे, आणि ते बनवताना चिनी, इंग्रजी, हिंदी, स्पॅनिश, रशियन आणि अरबी या सहा भाषांमधले आवाज वजन लावून मिसळलेत. १९८७ हेच गोव्याला राज्याचा दर्जा मिळाल्याचं वर्ष, आणि त्याच वर्षी डिसेंबरात पर्लची पहिली आवृत्ती आली, मला हे तिन्ही एका ओळीत लिहायला फार आवडतं.

तर नाव आणायच्या वाटा तीन. एक, आवाज जसाच्या तसा घ्यायचा, अशा नावाला श्मेव्ला म्हणतात, ते व्यंजनावरच संपायला हवं आणि आगेमागे थांबा हवा, लिहिताना तो थांबा टिंबाने दाखवतात. दोन, अर्थ घ्यायचा, म्हणजे साधा लोजबान शब्द आणि त्याच्या आधी ला, पुढे नाव येतंय हे सांगणारा शब्द. तीन, उसना शब्द, फुहिव्ला, त्यात पुढे वर्ग सांगणारा तुकडा जोडतात, उदाहरणार्थ भाषेसाठी बान्गु, मग जावाचं बान्ग्र्जावा. तिसरी वाट मी आजच बंद केली कारण मग मेन्यूतलं प्रत्येक नाव बान्ग्र् नेच सुरू होणार आणि माणूस एक अक्षर टाइप करून उडी मारायला बघेल तर सगळी यादी एकाच अक्षराखाली.

१५ जून

या नोंदी मी देवनागरीतच ठेवणार आहे, लोजबान शब्दसुद्धा. लोजबानला रोमन लिपीच हवी असं काही नाही, आवाज आणि अक्षर यांची जोडी एकास एक राहिली की लिपी कुठलीही चालते, १९९७ च्या संदर्भग्रंथात सिरिलिक आणि टेंगवार या टॉल्किनच्या कल्पित लिपीची सोयसुद्धा दाखवलीय. मग देवनागरी का नको.

ठरवलेली जोडी अशी. रोमन सी म्हणजे श. रोमन झेड म्हणजे झ, झेरॉक्समधला. रोमन जे चा आवाज टिंबवाल्या ज़ ने, आणि आपला साधा ज हा द आणि ज़ मिळून होतो. तसाच च हा त आणि श मिळून, म्हणजे चार मधला च, चांगला मधला नव्हे, चांगला मधल्याला त्स लिहावं लागेल. रोमन एक्स म्हणजे घशातला ख़. स्वरांच्या मधला अपॉस्ट्रफी म्हणजे ह. आणि रोमन वाय म्हणजे आपला साधा अ.

एक्सकडे गोव्यात जरा लक्ष द्यायला हवं. इथे रोमी, म्हणजे रोमन लिपीतली, कोंकणी वाचणाऱ्याला एक्स दिसला की तोंडातून श च निघतो, शीत कडी रोमीत एक्सनेच लिहितात, पोर्तुगीजांकडून आलेली सवय. लोजबानमध्ये हॅस्केल एक्सनेच सुरू होतं, ते त्याने वाचलं तर हॅस्केलचं शास्केल होणार. देवनागरीत ख़ लिहिला की हा घोळ राहतच नाही.

आणि मग संध्याकाळी यादी लिहिताना जे दिसलं ते मला फारच भारी वाटलं. .पेर्ल्. .लिस्प्. .कोबोल्. .फोर्त्रान्. .पास्काल्. .प्रोलोग्. सगळ्यांच्या शेवटी पाय मोडलेला. लोजबानचा नियम काय, तर नाव व्यंजनावर संपतं आणि बाकी सगळे शब्द स्वरावर. रोमनमध्ये हे शेवटचं अक्षर तपासून ओळखावं लागतं, देवनागरीत हलन्ताचं चिन्ह स्वतःच सांगतं की हे नाव आहे. आपण मराठीत राम लिहितो आणि राम् म्हणतो, म्हणून हलन्त लिहायची सवय सुटलीय, पण ते चिन्ह या कामासाठी जणू आधीपासून तयार होतं.

१८ जून

आवाजाची फेरी. सोपी नावं भराभर झाली. इथे जोडाक्षर दुहेरी चालत नाही म्हणून हॅस्केलचा एक ल् गेला, ह ला शब्दाच्या सुरुवातीला जागा नाही म्हणून ख़, झालं .ख़ास्केल्. एर्लँगचं .एर्लान्ग्. कॉटलिनचं .कोत्लिन्. स्क्रॅचचं .स्क्राच्. जावास्क्रिप्ट तर आपोआप बसलं, .जावास्क्रिप्त्.

स्वरावर संपणाऱ्यांना शेवटी एक व्यंजन चिकटवावं लागतं. लोजबानवाले बहुतेक स् किंवा न् लावतात. मी सरसकट स् घेतला, .जावास्. .रुबिस्. .गोस्. .जुलिआस्. कारण न् लावला की .जावान्. होतं आणि मराठी कानाला तो जवान ऐकू येतो. लोजबानमध्ये स् ने अनेकवचन होत नाही त्यामुळे तिकडूनही गडबड नाही.

स्काला मात्र बघण्यासारखं आहे. जुन्या नियमाप्रमाणे नावाच्या पोटात ला, लाइ, दोइ हे तुकडे येऊ शकत नव्हते, आधी व्यंजन असेल तरच चालायचं. कारण ला हा शब्दच नावाची चाहूल देणारा, ऐकणाऱ्याला .स्कालास्. मध्ये स्का, मग ला, मग स् नावाचं काहीतरी असं ऐकू येऊ शकतं. एर्लँगमध्ये ला च्या आधी र् आहे म्हणून ते पूर्वीही वैध होतं, स्काला नव्हतं. पुढे लोकांनी नावाच्या आधीही थांबा सक्तीचा केला, याला डॉटसाइड म्हणतात, आणि मग ही बंदी गळून पडली. म्हणजे नावाच्या पुढचं ते इवलंसं टिंब शोभेचं नाही, त्याच्या जिवावर स्काला स्काला राहतं. म्हणून आमच्या फाइलमध्ये दोन्ही टिंबं कायम राहतील, मेन्यूत कितीही विचित्र दिसली तरी.

२१ जून

भाची फर्मागुढीला इंजिनिअरिंगला आहे, आज आली होती, फाइल बघितली आणि सरळ म्हणाली, "मामा, तू तर नुसतं लिप्यंतर केलंयस. लोजबानचे एवढे शब्द आहेत, ते कशाला मग?" मी म्हटलं बस, आपण एकेक करून बघू.

पहिलं तिने पायथॉन घेतलं. साप म्हणजे सिन्शे, ला सिन्शे, किती सुटसुटीत. पण गिडो व्हान रॉसम यांनी नाव घेतलं ते मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून, सापाशी संबंध नंतर लोगोमुळे जडला. अर्थ घ्यायचा तर कुठला घेणार, आणि त्या मंडळींचं नाव पुन्हा नावच, म्हणजे फिरून आवाजच. पायथॉन .पाइतोन्. राहिलं.

पर्लचं तर अजून पुढे. लॅरी वॉल यांना पर्ल म्हणजे मोतीच ठेवायचं होतं पण त्या स्पेलिंगची एक लँग्वेज आधीच होती म्हणून मधला ए गाळला. म्हणजे मालकानेच अर्थापासून एक पाऊल मागे घेतलेलं. बोल्शि म्हणजे गोळा, ज़ेम्ना म्हणजे रत्न, त्यांचे छोटे तुकडे जोडून बोइज़्मे, गोल रत्न, मोती. शब्द सुंदर झालाय यात शंका नाही.

रुबीसाठी तिने स्वतः जुळवला, ख़ुन्रे म्हणजे लाल आणि तोच ज़्मे, ख़ुन्ज़्मे, माणिक. जोडाक्षरं तपासली, न् ज़् म् ओळीने येतात पण ज़्म ही जोडी शब्दाच्या सुरुवातीला चालणारी आहे म्हणून तिघांची रांग वैध. युकिहिरो मात्सुमोतो यांनी रुबी हे नाव पर्लच्या पाठीवर रत्नाचंच नाव म्हणून घेतलं, त्यामुळे बोइज़्मे आणि ख़ुन्ज़्मे शेजारी ठेवले की ते नातं ऐकू येतं, आवाजाच्या नावात ते येत नाही. इथे भाचीचं म्हणणं मला पूर्ण पटलं.

मग रस्ट. ती म्हणाली गंज. मी म्हटलं थांब, ग्रेडन होअर यांच्या डोळ्यासमोर रस्ट नावाची बुरशी होती, आपल्याकडे गव्हावर पडतो तो तांबेरा. लोजबानमध्ये बुरशीला म्लेदि आहे आणि लोजबानच्या शब्दाला ठरलेल्या जागा असतात, म्लेदि ची पहिली जागा बुरशी, दुसरी तिची जात, तिसरी ती ज्याच्यावर वाढते ते. म्हणजे तांबेरा कुठल्या पिकावर पडला हे सांगायची जागा शब्दातच आहे! तिला ते इतकं आवडलं की जेवायला बसल्यावरही तेच चाललं होतं. पण ला म्लेदि नुसतं वाचणाऱ्याला भुईछत्रीही वाटू शकते, आणि मेन्यू उघडलेल्या माणसाला रस्टची फाइल रंगवायचीय, त्याला बुरशीचा विचार करायला लावणं हे मला बरोबर वाटत नाही.

स्विफ्ट मात्र दोन्हीकडून बसतं. चपळ म्हणजे लोजबानमध्ये सुत्रा. ला सुत्रा.

२४ जून

आज सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा सण. सकाळपासून पोरं डोक्यावर कोपेल, म्हणजे फुलापानांचा मुकुट, घालून विहिरीत उड्या मारतायत, पाऊस पण जोरात. ज़ चा आवाज कुणाला समजवायचा तर आजच्या सणाच्या नावातच आहे, ज्वांव या पोर्तुगीज नावाचा पहिला आवाज, कोंकणीत आपण त्याचा साधा ज केला पण पोर्तुगीज शिकलेल्या माणसाच्या तोंडून ऐका, अगदी लोजबानचा ज़.

त्यावरून लुआ आठवलं. ही लँग्वेज १९९३ मध्ये ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात बनली, आणि नाव पोर्तुगीज, चंद्र. इतर नावांचा उच्चार मला इंग्रजीतून घ्यावा लागतो, हे एकच नाव असं की ज्याचा मूळ उच्चार माझ्या शेजारी राहतो. शेजारच्या आजी पोर्तुगीज काळात शाळेत गेलेल्या. दुपारी त्यांच्याकडे पातोळ्या घेऊन गेलो आणि विचारलं, आजी, चंद्राला पोर्तुगीजमध्ये काय म्हणायचा तुम्ही, जरा सावकाश म्हणून दाखवा. "लूअ," त्या म्हणाल्या, "लूअ म्हळ्यार चंद्रीम," आणि परत दोनदा म्हणून दाखवलं. लू लांब, जोर तिथेच, आणि शेवटचा स्वर आ नाहीच, मिटत्या ओठांचा बारीक अ.

घरी येऊन बसलो. दोन स्वर लागून आले की लोजबानमध्ये मध्ये ह घालून ते सुटे ठेवता येतात, म्हणून .लुहास्. किंवा आजींच्या उच्चाराला धरून .लुहस्. दोन्ही वैध, कारण नावात अ येऊ शकतो. मी .लुहास्. ठेवलं, कारण लोजबान वाचणाऱ्याला लिखित लुआ ओळखता यायला हवं आणि अ लिहिलेलं नाव रोमनमध्ये वाय घेऊन येईल, ते बघून कुणाला लुआ सुचणार नाही. पण जोर लु वर आहे ही टीप फाइलमध्ये टाकलीय. लोजबानमध्ये चंद्र लुन्रा, तो फाइलमध्ये शेजारी ठेवलेल्या अर्थाच्या रकान्यात गेला.

२८ जून

लोगो. १९६७ ची, सेमूर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांची, मुलांसाठीची लँग्वेज. नाव ग्रीक लोगोस वरून, म्हणजे शब्द, म्हणून अर्थाच्या रकान्यात ला वाल्सि. पण लोगो म्हटलं की सगळ्यांना आठवतं ते स्क्रीनवर आज्ञेप्रमाणे चालणारं कासव, पुढे शंभर, उजवीकडे नव्वद. मोरजी, आगोंद, गालजीबागच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात, त्यामुळे कासव इथल्या मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. कासवाचा शब्दही नोंदवून ठेवावा म्हटलं.

शाल्कु म्हणजे कवच, त्याचा छोटा तुकडा शाक. रेस्पा म्हणजे सरपटणारा प्राणी. जोडले की शाक्रेस्पा. आता हे मोठ्याने म्हणा. ऐकणाऱ्याला शा आणि क्रेस्पा असे दोन शब्द ऐकू येतात, आणि दुर्दैवाने दोन्ही खरे आहेत, शा म्हणजे आत्ता, आणि क्रे हा केसाचा तुकडा, स्पा हा रोपट्याचा, म्हणजे आत्ता केसाळ रोपटं. जोडशब्दाचं पहिलं अक्षर असं सुटून पडू नये म्हणून लोजबानमध्ये एक तपासणी आहे, तोस्माब्रु नावाची, ती नापास झाली की सांध्यात अ घालायचा. म्हणून बरोबर शब्द शाकरेस्पा.

देवनागरीत दोन्ही शेजारी ठेवा. शाक्रेस्पा, शाकरेस्पा. चुकीच्यात क चा पाय मोडून र त गेलाय, बरोबरमध्ये क पूर्ण आहे. रोमनमध्ये या कामाला एक जास्तीचं अक्षर घालावं लागतं, आपल्याकडे फक्त क अर्धा की अख्खा. भाचीला फोटो पाठवला, तिचा रिप्लाय आला, "मामा हे वर्गात शिकवायला पाहिजे." खरंच पाहिजे.

३ जुलै

अक्षरांची नावं, म्हणजे सी, आर, डी, पीएचपी, एसक्यूएल, एपीएल. हा दिवस मला वाटलं त्यापेक्षा खूप सोपा गेला आणि कारण पुन्हा लिपीच.

लोजबानमध्ये व्यंजनाचं नाव म्हणजे ते व्यंजन आणि मागे अ. म्हणजे प, ब, ग, र. आपण शाळेत पाटीवर गिरवतो तेच. इंग्रजीत बी, सी, एफ, एच असं प्रत्येकाला वेगळं वळण आहे, लोजबानमध्ये वर्णमाला म्हणावी तसं. म्हणून आर लँग्वेज म्हणजे र, आणि १९७२ च्या सुमाराची डेनिस रिची यांची सी म्हणजे श. नुसतं ला श चालत नाही कारण सुटं अक्षर वाक्यात सर्वनामासारखं वागतं, म्हणून ला मे मेहो श, म्हणजे श या अक्षराचा तो. पार्सर शाम्ख़ेस् ने बिनतक्रार घेतलं.

पीएचपी मध्ये एच आहे आणि लोजबानला एच अक्षर नाही, त्याचं ठरलेलं नाव अहबु. म्हणजे प .अहबु प. क्यू साठी कबु, म्हणून एसक्यूएल म्हणजे स .कबु ल. एसक्यूएल ला आयबीएममध्ये आधी सीक्वेल म्हणायचे आणि अजूनही निम्मे लोक तसंच म्हणतात, म्हणून दुसरा पर्याय .सिकुएल्. ही ठेवला. एपीएल हे केनेथ आयव्हर्सन यांच्या १९६२ च्या पुस्तकाच्या नावावरून आलंय, अर्थ सरळ एक प्रोग्रामिंग लँग्वेज, आणि लोजबानमध्ये आमच्या मेन्यूचं शीर्षकच साम्प्लाबाउ आहे, स्कामि संगणक, प्लातु आराखडा, बान्गु भाषा. अर्थाने गेलो तर मेन्यू आणि त्यातली एक ओळ एकाच नावाच्या होणार. अक्षरांवर सोडलं.

सी प्लस प्लस वर बराच वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. दोन अधिक चिन्हं म्हणजे सी मध्येच असलेली एकने वाढवायची खूण, रिक मॅसिटी यांनी १९८३ मध्ये सुचवलेलं नाव. पुढचा ला लोजबानमध्ये बाव्लाहि आहे, तर ला बाव्लाहि बे मेहो श, सी च्या पुढचा. छान वाटलं, पण सी च्या पुढचं अक्षर कुठलं, डी, आणि वॉल्टर ब्राइट यांची डी नावाची लँग्वेज खरंच आहे आणि तिचं नाव याच विचाराने ठेवलेलं आहे. म्हणजे हे नाव डी चं. सी प्लस प्लस ला वाढ हवी, क्रम नको, म्हणून झेन्बा, वाढणे. अर्थाच्या रकान्यात झेन्बा गेला. मुख्य नावात लाहो वापरला, परक्या मजकुराला दोन्ही बाजूंनी एकेक खुणेचा शब्द लावून जसाच्या तसा ठेवायची ही लोजबानची सोय, कारण ती दोन चिन्हं बघितल्याशिवाय कुणी ओळखत नाही.

९ जुलै

आज निकाल लावला. मुख्य रकाना आवाजाचा, शेजारी अर्थाचा, एडिटरच्या सर्चमध्ये दोन्ही सापडतील, ख़ुन्ज़्मे टाइप केलं तरी रुबी येईल. अक्षरांची नावं अक्षरांनी.

कारण मी गोव्यात राहतो आणि नावाचं काय होतं ते रोज पाट्यांवर वाचतो. पोर्तुगीज तोंडाला ड जमला नाही तेव्हा मडगावचं मार्गांव झालं आणि चोडणचं शोरांव, दोन्हीकडे ड चा र. आवाज बदलला पण दोन्ही ठिकाणी सारखाच बदलला, म्हणून पाटी वाचून मूळ गावापर्यंत परत जाता येतं. अर्थाचं भाषांतर करून कुणी ही गावं लिहिली असती तर आज रायबंदरच्या धक्क्यावर उभा राहून कुठली फेरी चोडणला जाते हे कुणाला कळलं नसतं. माणसाने नाव जिथे ऐकलं तिथपर्यंत त्याला परत जाता यायला हवं, ऑफिसात रस्ट ऐकलं तर मेन्यूत .रास्त्. दिसायला हवं.

म्हणून फाइलच्या माथ्यावर पहिला नियम हाच लिहिला, जो आवाज लोजबानमध्ये नाही त्याला दर वेळी तोच पर्याय. थ ला त, सुरुवातीच्या ह ला ख़, ट ला त, डब्ल्यू ला उ. पायथॉनला त आणि दुसऱ्या कुणाला स असं नाही. भाचीने सगळी फाइल या नियमावरून परत तपासायची स्क्रिप्ट लिहून दिली, ती व्लाताइ ला, म्हणजे लोजबान शब्दाची जात ओळखणाऱ्या प्रोग्रामला, प्रत्येक शब्द देते आणि जात जुळली नाही तर ओळ लाल करते. आता लाल उरलीय ती फक्त सी शार्पची ओळ, तिथे संगीतातली खूण ठेवायची की .सिचार्प्. असं काही करायचं यावर आमच्यात मतभेद आहेत, ती म्हणते खूण, मी म्हणतो आवाज, आणि त्यात श ला च नको हे मात्र दोघांना मान्य, म्हणजे .सिशार्प्. रविवारी ती येईल तेव्हा ती ओळ संपवू आणि फाइल रिलीजला टाकू.